राखणीच्या कुत्र्याची पकड

बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी दिसली की येणारा क्षणभर थबकतो. पाटीमागचा कुत्रा पुष्कळदा पायरीवर झोपलेला असतो, आणि उठलाच तर पाहुण्याची चप्पल हुंगून पुन्हा जागेवर जाऊन पडतो. तरीही पाटीचे काम व्हायचे ते होतेच. राखणीसाठी कुत्र्याकडून जे हवे असते त्यातील बराच मोठा भाग त्याच्या केवळ असण्याने आणि भुंकण्याने पुरा होतो, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतलेली बरी. तेवढ्यावर ज्याचे भागते त्याने पुढच्या खटाटोपात पडू नये.

परंतु काहींचे तेवढ्यावर भागत नाही. इंदूरच्या किंवा नागपूरच्या वेशीबाहेर नवे घर बांधलेला एखादा नोकरदार माणूस जर्मन शेफर्डचे पिलू आणतो, आणि प्रसंग पडल्यास याने चोराला खरोखरच धरावे अशी इच्छा मनात बाळगतो. पगार बेताचा, जवळपास शिक्षक नाही, आणि सल्ला देणारे मात्र मुबलक. त्या सल्ल्यांत एक हटकून ऐकू येतो: कुत्र्याला दिवसभर अंधारात बांधून ठेवावे, कोणाशी मिसळू देऊ नये, आणि आळीतल्या मुलांकडून काठीने डिवचवावे, म्हणजे तो आपोआप ‘कडक’ होतो. हा उपाय फुकट असतो खरा. पण त्यातून राखणदार निर्माण होत नाही, निर्माण होते ते एक घाबरलेले जनावर. काठी उगारून येणाऱ्या माणसावर कुत्रा तुटून पडतो, माणूस मागे सरतो, आणि ‘चावायला धावले की भीती टळते’ एवढाच धडा त्याच्या मनावर ठसतो. पुढे तोच धडा तो छत्री घेऊन आलेल्या पोस्टमनला आणि अंगणात धावणाऱ्या घरच्याच मुलाला लागू करतो. त्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नसते.

ज्या देशात या विद्येला शिस्त लागली त्या जर्मनीत विचाराची सुरुवातच निराळी होती. माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातील माजी अधिकाऱ्याने १८९९ मध्ये जर्मन शेफर्ड जातीची संस्था स्थापन केली. मेंढपाळाच्या या कुत्र्याची पैदास रूपापेक्षा कामावर पारखून व्हावी, असा त्याचा आग्रह होता. कुत्र्याचे मन किती स्थिर आहे हे पाहण्यासाठी ज्या कसोट्या निघाल्या त्यांतून ‘शुट्झहुंड’, म्हणजे रक्षक कुत्रा, ही परीक्षा घडत गेली. आज ती आंतरराष्ट्रीय नियमांनी चालते; २०१२ मध्ये तिला आयपीओ हे नाव मिळाले आणि २०१९ पासून ती आयजीपी म्हणून ओळखली जाते. परीक्षेचे गुण तीनशे. शंभर गुण माणसाच्या मागाचा वास काढीत जाण्याला, शंभर आज्ञापालनाला आणि उरलेले शंभर संरक्षणाला. त्याहीपूर्वी कुत्र्याला एक प्राथमिक परीक्षा द्यावी लागते, आणि तीत तो रस्त्यावरील गर्दीत, सायकलस्वारांच्या व अनोळखी माणसांच्या शेजारी शांत राहतो की नाही हे पाहिले जाते. जो सभेत बसण्याच्या लायकीचा नाही त्याच्या हाती शस्त्र द्यावयाचे नाही, असा हा हिशेब आहे.

या गुणवाटपात काटकसरीने शिकणाऱ्याला मोठाच दिलासा आहे. तीनशेपैकी दोनशे गुणांच्या शिक्षणाला जवळजवळ खर्चच नाही. मोकळे मैदान, लांब दोरी, खिशात उकडलेल्या मांसाचे चार तुकडे आणि रोजची पंधरा-वीस मिनिटे एवढ्यावर ते होते. त्यातही आज्ञापालनाचा पाया पक्का झाल्यावाचून चाव्याच्या शिक्षणाकडे वळणे म्हणजे लगाम घालण्यापूर्वीच घोड्यावर बसणे होय. नवशिक्याची उत्सुकता मात्र नेमकी त्या तिसऱ्या शंभराकडे धावते.

तेव्हा तिकडेच वळू. चांगल्या चाव्याला या विद्येत ‘पकड’ म्हणतात, आणि हा शब्द योग्य आहे. कुत्रा पुढच्या दातांनी टोचतो, सोडतो, पुन्हा टोचतो, तेव्हा तो शूर नसून साशंक असतो. विश्वासाने धरणारा कुत्रा तोंड पूर्ण उघडून दाढांपर्यंत वस्तू आत घेतो, आणि एकदा धरल्यावर गुरगुरत नाही, चघळीत बसत नाही. शांतपणे दाबून धरतो. ही शांतता रागातून येत नाही. तिचे मूळ पाठलाग करून पकडण्याच्या जन्मजात प्रेरणेत आहे. पळणाऱ्या वस्तूमागे पिलू धावते तीच ती प्रेरणा. म्हणून शिक्षणाचा आरंभ खेळाने होतो. हातभर बांबूच्या काठीला दोरी बांधावी, दोरीच्या टोकाला गोणपाटाची घट्ट गुंडाळी बांधावी, आणि ती जमिनीवरून सशासारखी पळवावी. किराणा दुकानातील रिकामे बारदान या कामाला उत्तम, कारण तागाच्या खरबरीत विणीत दात चांगले रुततात. वस्तू नेहमी कुत्र्यापासून दूर किंवा आडवी जावी, त्याच्या अंगावर कधीही येऊ नये. शिकार शिकाऱ्याच्या तोंडावर चालून येत नसते.

पिलाने गुंडाळी धरली की माणसाने किंचित सैल द्यावे. सैल मिळताच पिलू आणखी पुढे सरकून खोल धरते. त्या क्षणी त्याला जिंकू द्यावे आणि गुंडाळी तोंडात घेऊन मिरवू द्यावे. वरच्या दिशेने हिसके मारू नयेत. सुमारे चार ते सात महिन्यांच्या वयात दुधाचे अठ्ठावीस दात जाऊन कायमचे बेचाळीस येतात, त्या काळात हा खेळ बंदच ठेवावा. हिरड्या दुखत असताना ओढाताण झाली तर पकडीशी वेदनेची आठवण जोडली जाते आणि ती सहसा पुसली जात नाही. आपल्या हवामानाची एक निराळी अडचण आहे. कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो, आणि तोंडात गुंडाळी घट्ट धरलेली असताना त्याला नीट धापता येत नाही. उन्हाळ्यात हा सराव पहाटे, आणि तोही काही मिनिटेच करावा.

याच्या जोडीनेच, पहिल्या आठवड्यापासून, सोडणे शिकवावयाचे. नवशिका हा भाग मागे टाकतो आणि तेथेच फसतो. आयजीपीच्या परीक्षेत लपलेला माणूस सापडला व तो निश्चल उभा असला तर कुत्र्याने केवळ भुंकून त्याला जागीच रोखावयाचे असते, चावावयाचे नसते. आणि चावल्यानंतर आज्ञेसरशी सोडावयाचे असते. पहिली आज्ञा आणि वर दोन, एवढ्यात त्याने सोडले नाही तर तो परीक्षेतून बाद होतो, पकड कितीही देखणी असो. सोडणे शिकविण्याची रीत साधी आहे. गुंडाळी ओढणे थांबवावे, हात मांडीला टेकवून ती अगदी निर्जीव करावी, ‘सोड’ असे एकदाच म्हणावे आणि वाट पाहावी. मेलेल्या वस्तूत कुत्र्याला गोडी उरत नाही. तोंड उघडताच, त्याच क्षणी, गुंडाळी पुन्हा जिवंत करून त्याला धरू द्यावी. सोडल्याने खेळ संपत नाही, उलट पुन्हा मिळतो, हे एकदा कळले की आज्ञा बळकट होते. याउलट जोराने ओढून घेतले तर ओढीमुळेच पकड आवळते, आणि मारून सोडविले तर कुत्रा मालकाचा हात जवळ येताच शंकेने अधिकच घट्ट धरतो. १९१० मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या कोनराड मोस्ट यांच्या गाजलेल्या पुस्तकात सक्तीवर बराच भर होता. आजच्या शिक्षकांचा कल त्यापासून पुष्कळ दूर गेला आहे. ‘आउस’ हा जर्मन शब्द वापरण्याची आपल्याकडे फॅशन आहे. कुत्र्याला भाषेचा अभिमान नसतो. ‘सोड’ने काम उत्तम भागते.

येथवर घरचे काम. यापुढे मात्र दुसरा माणूस लागतो, आणि काटकसरीची मर्यादाही येथेच येते. हातावर तागाची जाड बाही चढवून कुत्र्याचा चावा घेणाऱ्या या साहाय्यकावर सारे अवलंबून असते. वेगाने झेपावलेला कुत्रा बाहीवर आदळतो तेव्हा कसलेला साहाय्यक त्याच्याच दिशेने वळून धक्का पोटात घेतो आणि कुत्र्याला वर्तुळात फिरवीत अलगद जमिनीवर उतरवतो. नवखा माणूस ताठ उभा राहतो, आणि सारा धक्का कुत्र्याच्या मानेवर व कण्यावर बसतो. एका चुकीच्या झेलात कुत्रा जन्माचा अधू होऊ शकतो. शिवाय धाक कधी आणि किती दाखवावा, कुत्रा कचरतो आहे असे दिसताच माघार कशी घ्यावी, हे पुस्तक वाचून येत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या हाताला घोंगडी गुंडाळून त्याच्यावर कुत्रा सोडणे हा दुहेरी अविचार आहे. खऱ्या बाहीच्या आत कठीण नळी असते. घोंगडीत ती नसते आणि सुळे हाडापर्यंत पोचतात.

मग पैसे वाचवावयाचे कोठे? चार-पाच जणांनी मिळून एक बाही घ्यावी, ती वापरलेली असली तरी चालते. पंधरा दिवसांतून एकदा जाणत्या साहाय्यकाचा तासभर वेळ सर्वांनी वाटून घ्यावा आणि मधले दिवस घरच्या सरावाला द्यावेत. ज्याच्यापाशी कुत्रा नाही पण आवड आहे त्याने तर आधी नुसते मैदानावर जावे, दुसऱ्याच्या कुत्र्याची लांब दोरी धरावी आणि कुत्र्याशिवाय पायांची हालचाल घटवावी. चांगल्या साहाय्यकाची सर्वत्र वाण असते, त्यामुळे शिकाऊ माणसाला हाकलून लावणारा गट विरळा. सरकारी केंद्रांचा आधार या कामी मिळत नाही. पुण्याचे राज्य पोलिसांचे केंद्र किंवा ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे १९७० पासून चालणारे सीमा सुरक्षा दलाचे केंद्र सेवेतील कुत्र्यांसाठी आहे. आणि पोलिसांच्या श्वानपथकातील बहुतेक कुत्री तर चाव्यापेक्षा नाकाचेच काम करतात.

पदरचे पैसे खर्चावयाचे ते लसीवर. रेबीजची लस वेळेवर दिलेली असलीच पाहिजे आणि तिची नोंद घरात असली पाहिजे. कायद्याचीही आठवण ठेवावी. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका पोचू नये इतपत काळजी जो घेत नाही त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कुत्र्याला नेहमी साखळीने बांधून ठेवून फिरवावयास न नेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. अंधाऱ्या खोलीचा सल्ला देणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते.

शिक्षक निवडताना त्याची प्रमाणपत्रे पाहण्यापेक्षा त्याने तयार केलेला एखादा प्रौढ कुत्रा पाहावा, आणि तोही चावताना नव्हे. बाही उतरवून ठेवल्यावर साहाय्यक मैदानाच्या कडेला पाणी पीत उभा असतो. त्याच्या शेजारून, प्रेक्षकांतील मुलांच्या जवळून, तो कुत्रा सैल दोरीवर घराकडे कसा जातो तेवढे पाहावे.