डॉक्टरकाकांच्या एमजीबीची किंमत

जुनी स्पोर्ट्‌स कार विकायला काढणारे बहुतेक जण आधी आकडा ठरवतात आणि मग गाडीखाली वाकून बघतात. इंग्लंडात रेडिंगला राहणाऱ्या आमच्या डॉक्टरकाकांचंही तसंच झालं होतं. काका मूळचे मिरजेचे. सत्तरच्या दशकात इथल्या सरकारी रुग्णालयात नोकरीला आले आणि इथलेच झाले. त्यांची १९७३ सालची एमजीबी रोडस्टर आता गुडघ्यांना झेपेना, म्हणून विकायची ठरली. "अठरा हजार पौंड सांगावे म्हणतोय. तू एकदा नजर टाकून जा, मग जाहिरात देतो," असा त्यांचा फोन आला. या गाड्यांचं मला वेड आहे. माझी स्वतःची एक आहे आणि ओळखीच्यांच्या गाड्यांचा भाव काढायला मला अधूनमधून बोलावणं येतं.

अठरा हजार कुठून आले ते काकांनी फाइल उघडूनच दाखवलं. इंजिनचं काम, गिअरबॉक्स, नवं हूड, रंग अशा बिलांची बेरीज चौदा हजारांच्या वर जात होती. विम्याच्या कागदावर सोळा हजार लिहिलेले होते. आणि एका लिलावात अशीच लाल गाडी वीस हजारांना गेल्याचं त्यांनी वाचलं होतं. तिन्ही आकडे खरे होते, पण विकताना त्यातला एकही धरून चालत नाही. विम्यातली रक्कम म्हणजे गाडी जळाली किंवा चोरीला गेली तर काय मिळेल याचा करार असतो, आणि तो करताना मालक हात सैल ठेवतो. लिलावाच्या छापून येणाऱ्या आकड्यात बहुधा खरेदीदाराकडून वर घेतलेलं कमिशन धरलेलं असतं. विकणाऱ्याला हातोडा पडला ती रक्कम मिळते आणि तीही त्याच्या वाटचं कमिशन कापून.

बिलांचा विषय नाजूक असतो, कारण त्यात माणसाची हौस गुंतलेली असते. तरी तो काढावाच लागतो. पन्नास वर्षांच्या गाडीवरचा बराचसा खर्च हा ती चालवण्याचा खर्च असतो. वीस वर्षांपूर्वी बदललेला क्लच काकांनीच वापरून झिजवला, त्याचे पैसे नवा मालक का देईल? माझ्या लेखी बिल हा पैशांचा नव्हे, कामाचा पुरावा. ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट त्या शिशावर तग धरून असत. काकांनी २००१ साली सिलिंडर हेडला कठीण पोलादाच्या सीट बसवून घेतल्या होत्या आणि त्याचं बिल फाइलमध्ये होतं. ते बघून गिऱ्हाईक निर्धास्त होतं. गाडीची किंमत मात्र त्या बिलाएवढी वाढत नाही.

एमजीबी ही दुर्मीळ गाडी नाही, हे मनाशी पक्कं केल्याशिवाय तिचा भाव समजत नाही. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून रोडस्टर आणि जीटी मिळून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या, त्यातल्या बहुतांश अमेरिकेला गेल्या. सुटे भाग आजही नवे मिळतात. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी अख्खी बॉडी नवी करून देते. वीस हजारांची ती लाल गाडी अशाच नव्या बॉडीवर उभी केलेली होती. सांगायचा मुद्दा असा, की ही हुकली तर दुसरी मिळेल हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. काकांच्या बाजूनं दोन गोष्टी होत्या. १९७४च्या सप्टेंबरपासून अमेरिकेतल्या नियमांपायी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीडेक इंच उंच झाली. त्या गाड्यांना आजही भाव कमी. काकांची क्रोमची होती. शिवाय तिला ओव्हरड्राइव्ह होता. त्या काळी तो जादा पैसे मोजून घ्यावा लागे आणि हमरस्त्यावर इंजिनाची ओरड त्यानंच थांबते. अशा, पत्र्यानं निरोगी गाड्या माझ्या माहितीत त्या वर्षी बारा हजारांच्या आसपास खरोखर विकल्या गेल्या होत्या. जाहिरातीतले आकडे मी धरत नाही. त्यातले कित्येक सहा-सहा महिने तसेच पडून असतात.

मग चुंबक काढलं. फ्रिजला लावतात तसलं साधं, रंगाला ओरखडा नको म्हणून फडक्यात गुंडाळलेलं.

एमजीबीला वेगळी चॅसी नसते आणि रोडस्टरला तर छप्परही नाही. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी धरून ठेवण्याचा मोठा भार दाराखालच्या दोन पोकळ पेट्यांवर येतो. त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधे एक उभा पडदा आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं असतं. बाहेरचा पत्रा दारापाशी संपत नाही. तो पुढच्या विंगच्या आत आणि मागच्या विंगच्या पाठीमागेही जातो. म्हणजे तो नीट बदलायचा तर पुढची विंग खोलावी लागते, मागच्या विंगचा खालचा भाग कापावा लागतो, आतले थर तपासून दुरुस्त करावे लागतात आणि शेवटी पुन्हा रंग द्यावा लागतो. एवढं करायचं नसलेला कारागीर गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवतो आणि कडा वेल्ड करून मोकळा होतो. वाळवीनं खाल्लेल्या तुळईवर फळी ठोकून रंग द्यावा, तसं ते काम. दिसायला ठाकठीक आणि आत गंज चालूच.

उजव्या बाजूला चुंबक पुढपासून मागपर्यंत चिकटत गेलं. डावीकडे मागच्या चाकाच्या अलीकडे, तळहाताएवढ्या जागेत, ते घसरलं. खाली पुट्टी होती. मग ती बाजू जॅकवर उचलली, तेव्हा दाराच्या मागची फट वरच्या टोकाला किंचित मिटली. सिल भक्कम असेल तर ती जागची हलत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये लिफ्टवर घेतली. मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कॅसल रेल ठोकत नेली. पुढे टणटणीत आवाज, मागे नुसताच ढबढब. काका बॅटरी धरून उभे होते. "रंग दिला तेव्हाच झाकलेलं दिसतंय हे," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं आणि मलाही, कारण त्यांनी त्या रंगाचे पूर्ण पैसे मोजले होते.

बाकी गाडी छान होती. गरम इंजिनवर तेलाचा दाब धावताना साठ, थांबल्यावर वीस. एमजीबीला याहून काय हवं? तारांच्या चाकांचे दाते शाबूत होते, उलटसुलट गिअर टाकताना मागून खट्ट आवाज आला नाही. मागचे दोन टायर मात्र २०११चे निघाले. वर्ष टायरवरच कोरलेलं असतं. डिकीतल्या सतरंजीखाली मूळचा टील ब्लू रंग दिसत होता, आणि गेडनच्या संग्रहालयातून मागवलेल्या हेरिटेज प्रमाणपत्रातही तोच लिहिलेला. म्हणजे लाल रंग नंतरचा. त्यासाठी मी फारसं काही वजा केलं नाही, पण ते जाहिरातीत आलंच पाहिजे असं सांगितलं.

कागदांत मला सगळ्यात मोलाची वाटली ती एमओटी. २०१८च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांपुढच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना ही वार्षिक तपासणी सक्तीची नाही. काकांनी तरीही ती दरवर्षी करून घेतली होती. तिची फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड, आणि एवढ्याशा पैशात त्रयस्थाची साक्ष मिळते. २००५ नंतरच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की कोणालाही दिसतात. आम्ही त्या काढल्या. जुन्या एका नोंदीत 'डाव्या सिलला गंज' असा शेरा होताच. गिऱ्हाईक तो वाचूनच दारात येणार होतं.

मग हिशेब मांडला. बारा हजारांतून सिलचं वेल्डिंग आणि रंग यांचे गॅरेजनं सांगितलेले अठराशे, टायरचे दोनशे, आणि गळणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरचे दीडशे वजा केले. काका म्हणाले, "अठराशेतले निम्मे मी सोसतो, निम्मे त्यानं सोसावेत." मी नाही म्हटलं. पत्रा कापल्यावर आत काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं आणि तो धोका घेणाराच पत्करतो. म्हणून खर्च पूर्ण वजा व्हायला हवा. उलट, आपण आधीच करून घेतलेल्या कामानं बारा हजारांचे चौदा हजार होत नाहीत. त्यानं बारा हजार मागायचा हक्क तेवढा मिळतो. हे कबूल करणं विकणाऱ्याला जड जातं, पण मला दुसरा न्याय्य हिशेब आजवर सापडलेला नाही.

आकडा ९,८५०वर आला. घासाघीशीसाठी दोन हजार वर चढवून ठेवावेत असं एका शेजाऱ्यानं सुचवलं. मला ते पटलं नाही. अवाजवी आकडा बघून जाणकार गिऱ्हाईक फोनच करत नाही आणि येतं ते अनोळखी, ज्याला सिल म्हणजे काय हेही माहीत नसतं. त्याच्या गळ्यात गाडी मारणं काकांना आयुष्यात जमलं नसतं. ९,९५० लिहिले. जाहिरातीत डाव्या सिलचा जवळून काढलेला फोटो, गॅरेजचं अंदाजपत्रक, टायरचं वर्ष आणि मूळ रंग, सगळं दिलं. उघड्या गाडीचं गिऱ्हाईक उन्हाची चाहूल लागली की येतं, म्हणून मार्चअखेर जाहिरात टाकली.

ऑक्सफर्डहून एक शिक्षक आले. त्यांनी स्वतःचं चुंबक आणलं होतं. सिलपाशी बराच वेळ काढला, मग काकांबरोबर एक फेरी मारली आणि ९,५०० म्हणाले. काकांनी ९,६५०वर सौदा केला. डाव्या सिलचं काम त्या शिक्षकांनी उन्हाळ्याआधीच करून घेतलं. आतला पडदाही अर्धा गेलेला निघाला आणि खर्च अठराशेच्या वर गेला.