कर्जाची धास्ती, झोप आणि कायदा

आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासताना आम्ही एक प्रश्न आवर्जून विचारतो : झोप लागते का? वर्धा, देवळी, हिंगणघाटकडच्या वस्त्यांत उत्तर पुष्कळदा कर्जापाशी येऊन थांबते. कापूस-सोयाबीन बुडाले, दवाखान्याचे बिल निघाले, गटाचा हप्ता थकला. गोळ्या देता येतात. पण "भांडी नेतील, जेलात टाकतील" ही धास्ती गोळीने जात नाही. म्हणून या वेळी औषधाऐवजी कायदा सांगतो.

कशाची जप्ती होत नाही?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्यासाठी लागणारी जनावरे व बियाणे सुटतात. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार स्वतः राहतो ते त्याचे घरही सुटते. मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी यांनाही संरक्षण आहे. मात्र गहाण ठेवलेल्या घराला हा आधार मिळत नाही. शेतजमीनही या यादीत नाही.

केवळ पैसे नाहीत म्हणून प्रामाणिक कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. पैशाच्या वसुलीसाठी स्त्रीला तर अटकच करता येत नाही.

कर्ज फिटण्यापलीकडे गेले तर?

जिल्हा न्यायालयात प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० खाली अर्ज करता येतो. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतील सामान्य व्यक्तींची तरतूद अजून लागू झालेली नाही. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, पण वर सांगितलेल्या वस्तू वगळून. पुढे कर्जमुक्तीचा आदेश वेगळा मागावा लागतो. सरकारी देणे आणि फसवणुकीचे कर्ज त्यातही सुटत नाही. अर्जापूर्वी जमीन भावाच्या नावे करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. असा व्यवहार रद्द होऊ शकतो आणि मालमत्ता लपवणे गुन्हा आहे.

सावकार विनापरवाना असेल आणि त्याने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा.

वकिलाचे पैसे कुठून?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेले आपले लोकही अनुसूचित जातीत मोडतात. जातीचा दाखला, कर्जाचे कागद आणि आलेल्या नोटिसा घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा.

मन फारच खचले असेल, जीव नकोसा झाला असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर लगेच बोला. शेजारी कोणी गप्प गप्प झाला असेल, तर त्याच्या नोटिसा वाचायला त्याच्याजवळ बसा. नोटीस पेटीत ठेवून मुदत संपू देऊ नका. कर्ज ही अडचण आहे, गुन्हा नव्हे.