स्कॉटलंडच्या आडवाटेच्या डोंगरावर जाण्याआधी

परदेशी शिष्यवृत्ती मिळवून आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता एडिंबरो, ग्लासगो इथे शिकायला जातात. तिथे गेल्यावर वर्गातले मित्र म्हणतात, येत्या शनिवारी डोंगरावर चल. पोर हौसेने घरी फोन करते आणि आई विचारते, कोणासोबत जाणार? खाणार काय? परत किती वाजता येणार? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावेत असेच ते आहेत. म्हणून ही माहिती जाणाऱ्यांसाठी आणि घरी वाट पाहणाऱ्यांसाठीही.

पहिला गैरसमज उंचीचा. स्कॉटलंडचा सर्वांत उंच डोंगर बेन नेव्हिस १३४५ मीटर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. त्यामुळे कळसूबाई चढून आलेल्या मुलाला वाटते, हे तर टेकाडच. पण कळसूबाईला खाली बारी गाव आहे, वाटेत लोखंडी शिड्या आहेत, सुट्टीच्या दिवशी लिंबू सरबतवालाही भेटतो. स्कॉटलंडच्या उत्तरेत तसे काही नाही. तिथे धोका उंचीचा नसून अंतराचा, वाऱ्याचा आणि ओल्या थंडीचा आहे.

तिकडे ३००० फुटांहून, म्हणजे साधारण ९१४ मीटरहून उंच डोंगरांना ‘मन्रो’ म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची यादी छापली, म्हणून हे नाव. आजच्या यादीत असे २८२ डोंगर आहेत. काही रस्त्याला लागूनच आहेत, तर काही इतके आत, की नुसते पायथ्याशी पोहोचायलाच अर्धा दिवस जातो. वायव्येकडच्या फिशरफील्ड भागातला अ व्हायचन (लिहिताना अक्षरे वेगळीच असतात, गेलिक भाषेत त्याचा अर्थ कुमारिका) हा त्यांतला सर्वांत दूरचा समजला जातो. उंची ९६७ मीटर. शेजारीच रुआ स्टाक मोर, ९१८ मीटर. समुद्राकाठच्या पूल्यू गावातून निघून हे डोंगर करून परत यायचे तर चाल सुमारे ४० किलोमीटरची होते. वाटेत दुकान नाही, वस्ती नाही, फोनला रेंज मिळेलच असे नाही.

एवढा दिवस आखायचा कसा? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब सांगितला, तो आजही वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. चाळीस किलोमीटरचे झाले आठ तास. एकूण चढ बाराशे मीटर धरला तर आणखी दोन. म्हणजे दहा तास. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. जेवण, विसावा, पाय रुतणारी दलदल आणि दमलेल्या माणसाची मंद चाल धरली की बारा-तेरा तास लागतात. गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने हिशोब करावा. सर्वांत तगड्याच्या वेगाने करू नये.

आता हा हिशोब उजेडाशी ताडून पाहा. जूनमध्ये इन्व्हरनेसच्या परिसरात सुमारे १८ तास दिवस असतो. सकाळी सहाला निघाले तरी संध्याकाळी सातला उजेडात परत येता येते. ऑक्टोबरच्या मध्यात दिवस साडेदहा तासांच्या आसपास उरतो आणि डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम साडेसहा तास. म्हणजे जूनमध्ये जमणारी हीच चाल ऑक्टोबरात दिवसात बसतच नाही. सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होते, नवे मित्र होतात, उत्साह असतो आणि नेमका तेव्हाच उजेड झपाट्याने कमी होत असतो. पहिल्या वर्षी पावसाळी शरदात किंवा बर्फाच्या दिवसांत अशा दूरच्या डोंगरावर जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी शहराजवळच्या, मळलेल्या वाटेच्या टेकड्या कराव्यात. फिशरफील्ड पुढच्या मे-जूनपर्यंत कुठे पळून जात नाही.

निघण्याआधीच परत फिरण्याची वेळ ठरवून घ्यावी. उदाहरणार्थ, दुपारी एकपर्यंत माथ्यावर पोहोचलो नाही तर जिथे असू तिथून मागे वळायचे. ही वेळ घरात, पोट भरलेले आणि डोके शांत असताना ठरवायची असते. माथा समोर दिसत असताना दमलेला माणूस बरोबर निर्णय घेत नाही. आणि मागे फिरू या असे गटातल्या एकाने म्हटले तरी सर्वांनी फिरावे. शिष्यवृत्तीवर गेलेल्या आपल्या मुलांना नव्या मित्रांपुढे ‘मला झेपत नाही’ म्हणायला संकोच वाटतो. तो संकोच इथे महागात पडतो.

हवामान आदल्या रात्री आणि निघताना पाहावे. गावाचे हवामान डोंगराला लागू पडत नाही. डोंगरांसाठी वेगळा अंदाज मिळतो, तो पाहावा आणि त्यात पावसाइतकेच वाऱ्याकडे लक्ष द्यावे. दर शंभर मीटरला तापमान अर्ध्या ते एक अंशाने उतरते. पायथ्याशी १४ अंश असेल तर माथ्यावर सहा-सात आणि वर वारा. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या अंगाला हा वारा लागला की शरीर आतून गार होऊ लागते.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फच लागतो असे नाही, उन्हाळ्यातही होतो. आधी हुडहुडी भरते. मग माणूस अडखळतो, बोलताना जीभ जड होते, बोटांना झिप लावता येत नाही, विनाकारण चिडतो किंवा गप्प बसतो. स्वतःला हे कळत नाही, सोबत्याला कळते. म्हणून एकट्याने जाऊ नये. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्त झाला, तर बरे वाटते आहे असे समजू नका. ती जास्त गंभीर अवस्था आहे. वाऱ्यापासून आडोसा करा, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली पिशवी किंवा चटई अंथरा, डोके झाका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका आणि दारू अजिबात नको. दारूने ऊब आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात उष्णता अंगाबाहेर जाते.

कपड्यांबाबत एकच गोष्ट ठाम: जीन्स आणि सुती बनियन नको. सुती कापड पाणी धरून ठेवते. लोकर किंवा पॉलिस्टरचे दोन-तीन पातळ थर, वर पाणी न शिरणारे जाकीट आणि पँट, टोपी, हातमोजे, घोटा धरणारे बूट. महाग ब्रँडची गरज नाही. तिथे जुन्या वस्तूंची धर्मादाय दुकाने गावोगाव आहेत, तिथे स्वस्तात मिळते. पिशवीत डोक्याला लावायची विजेरी, शिटी, कागदी नकाशा आणि होकायंत्र हवेच. तिकडचा नेहमीचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, त्यामुळे नुसत्या फोनवर विसंबू नये.

खाणे थोडे थोडे, तासाभराने. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गूळ-चपातीचा रोल, हे आपले पदार्थ डोंगरावर उत्तम चालतात. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचे राहून जाते. ओढ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी वर कुठे मेंढरू मरून पडले असेल सांगता येत नाही. उकळून किंवा शुद्ध करूनच प्यावे. आणि पावसानंतर फुगलेला ओढा ओलांडू नये. फिशरफील्डला डंडॉनेलच्या बाजूने गेले तर बिनपुलाची नदी आडवी येते. सकाळी गुडघाभर असलेले पाणी दुपारी परतू देत नाही.

आता सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या घरांना हा आजार माहीत आहे. थंडी, पाणी कमी पडणे आणि अति दगदग, ही दुखण्याचा झटका आणणारी तिन्ही कारणे अशा चालीत एकत्र येतात. रुग्ण म्हणजे एसएस असेल, तर मदत तासन्‌तास दूर असलेल्या अशा डोंगरावर जाऊ नये. रस्त्याजवळची छोटी चाल डॉक्टरांना विचारून करावी. वाहक म्हणजे एएस असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. वाहक सहसा निरोगी जीवन जगतात. पण शरीर ताणून, पाणी न पिता केलेल्या कष्टांत वाहकांनाही क्वचित गंभीर त्रास होतो. स्पर्धा न करता सावकाश चालावे, पाणी पीत राहावे आणि पायांत गोळे किंवा विचित्र अशक्तपणा आला तर लगेच थांबावे. तपासणी झाली नसेल तर जाण्याआधी करून घ्यावी आणि सोबत्यांना सांगून ठेवावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दमा असलेल्यांनी पंप आतल्या खिशात ठेवावा, कारण थंड हवेने दमा उसळतो. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्या मुलींनी आधी ते भरून काढावे.

घरच्यांसाठी एक महत्त्वाचे. अडचण आली तर तिकडे ९९९ वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे. ही पथके स्वयंसेवकांची आहेत आणि पैसे घेत नाहीत. बिलाच्या भीतीने फोन टाळू नये. ९९९ ला एसएमएसही करता येतो, पण त्यासाठी आधी ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द त्याच नंबरवर पाठवून नोंदणी करावी लागते. रेंज नसेल तर एका मिनिटात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. इथून भारतातून ९९९ लावून उपयोग नाही. म्हणून वाट, सोबत्यांची नावे आणि परतीची वेळ तिथल्याच एका विश्वासू मित्राकडे किंवा वसतिगृहात लिहून ठेवावी: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवा. त्या मित्राचा नंबर घरी द्यावा. उन्हाळ्यात आपले घड्याळ साडेचार तास पुढे असते. तिकडे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. हे आईला आधीच सांगून ठेवले तर ती रात्रभर उगाच जागणार नाही.

परत आल्यावर आंघोळ करताना अंग नीट तपासावे. तिथल्या गवतात गोचीड असते आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू पाहावी. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तेल लावू नये, जाळू नये. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे आणि डोंगरावर गेलो होतो हे आठवणीने सांगावे.