कपाटावरच्या कॅसेट भंगारात देण्याआधी हे वाचा

शिरड शहापूर असो, औंढा असो की वसमत, आपल्या अनेक घरांत कपाटावर एक खोका पडलेला असतो. त्यात पंधरा-वीस कॅसेट. एखादी उरुसात घेतलेली कव्वालीची, एखादी नातची, एखादी कुणाच्या तरी शादीत घरच्याच टेपवर भरलेली. टेपरेकॉर्डर बंद पडून जमाना झाला. रमजानच्या आधी साफसफाई निघाली की हा खोका भंगारवाल्याकडे जातो. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, “आता हे कोण ऐकतंय?”

याच प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत जगभर बदललं आहे. कधीकाळी कुणीही न विचारलेल्या रेकॉर्ड आणि कॅसेट लोक शोधून काढतात, साफ करतात आणि पुन्हा प्रसिद्ध करतात.

मुंबईतली रेकॉर्ड, दिल्लीत सापडली

चरणजित सिंग हे मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार. १९८२ साली त्यांनी सिंथेसायझर आणि ताल देणारं यंत्र वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड निघाली, पण चालली नाही. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एदो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा परदेशातले जाणकार चकित झाले. कारण अमेरिकेतल्या शिकागो शहरात ‘अ‍ॅसिड हाऊस’ म्हणून गाजलेलं संगीत १९८७ च्या सुमाराचं, आणि त्याच्याशी मिळतीजुळती धून मुंबईत पाच वर्षं आधीच भरली गेली होती. पुढे चरणजित सिंगांनी युरोपात जाऊन कार्यक्रम केले. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे दाद मिळाली, पण उतारवयात.

दुसरं उदाहरण घानाचं. अता काक या गायकाने १९९४ मध्ये एक कॅसेट काढली. मोजक्याच प्रती निघाल्या. २००२ मध्ये ब्रायन शिमकोविट्झ या अमेरिकन तरुणाने त्यातली एक रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतली. पुढे कित्येक वर्षं तो गायकाला शोधत राहिला. गायक सापडला, पण त्याच्याजवळची मूळ टेप खराब झालेली होती. शेवटी ती रस्त्यावर घेतलेली कॅसेटच कामी आली आणि २०१५ मध्ये अल्बम पुन्हा निघाला. एका माणसाने एक प्रत जपली, म्हणून ते गाणं वाचलं.

आवाज हरवतात कसे?

पहिलं कारण कंपन्या. भारतात ग्रामोफोन रेकॉर्डिंग १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं. पुढची कित्येक दशकं बाजारावर एचएमव्हीचं राज्य होतं. जे खपतं तेच पुन्हा निघायचं, बाकीचं मागे पडायचं. मुंबईत ‘यंग इंडिया’ नावाचा रेकॉर्डचा छाप होता. १९३५ ते १९५५ या काळात त्यांनी कितीतरी नवख्या कलाकारांना संधी दिली. कंपनी बंद पडली आणि त्या तबकड्या पुन्हा निघाल्याच नाहीत. मुंबईतल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने त्या जमवून डिजिटल केल्या. त्यातल्या बऱ्याच तबकड्या जुन्या संग्राहकांनी सांभाळल्या होत्या.

दुसरं कारण कॅसेट. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि लहान गावातल्या कव्वालालाही आपला आवाज विकता येऊ लागला. इस्माईल आझाद, अझीझ नाझाँ यांची गाणी आजही मोबाईलवर मिळतात, कारण ती सिनेमात आणि मोठ्या कंपन्यांकडे गेली. पण जिल्ह्याच्या ठिकाणी थोड्याशा प्रती काढून उरुसात विकलेल्या कॅसेटची नोंद सहसा कुठेच नसते. त्याची शेवटची प्रत कदाचित तुमच्याच खोक्यात असेल.

आणि टेप काही कायम टिकत नाही. ओल लागली की बुरशी येते, चुंबकीय थर सुटू लागतो, पट्टी चिकटते. आपल्या पावसाळ्यात तर लवकरच.

घरच्या घरी काय करता येईल?

बुरशी दिसत असेल तर कॅसेट लगेच वाजवू नका, मशीनही खराब होईल. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. चांगली दिसणारी कॅसेट आधी पेन्सिलने हळूहळू फिरवून पट्टी मोकळी आहे का ते पाहा. वरच्या काठावरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही.

चालू टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरवर आवाज भरून घ्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला पूर्ण साठ मिनिटं लागतात, घाई चालत नाही. मूळ फाईल ‘वेव्ह’मध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपसाठी एमपीथ्री वेगळी करा. दोन ठिकाणी प्रत असू द्या.

सर्वांत महत्त्वाचं, वेष्टनाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कोण गातंय, कुठलं गाव, कुठलं साल, हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारून लिहून ठेवा. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला परकाच वाटतो.

विकत घेतलेली कॅसेट इंटरनेटवर टाकण्याआधी थांबा. आपल्या कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगवरचा हक्क ती प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो, आणि शायर-संगीतकाराचा हक्क वेगळा. घरगुती रेकॉर्डिंग असेल तर त्यात ज्यांचा आवाज आहे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा.

संगीताबद्दल आपल्यात मतं वेगळी आहेत, ती असोत. कव्वाली ऐकायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण त्याच खोक्यात नात असते, तकरीर असते, शादीच्या गडबडीत मागून हाक मारणारी दादी असते. तिचा आवाज कुठल्याही कंपनीकडे मिळणार नाही. या रमजानच्या साफसफाईत तो खोका आधी खाली उतरवा, एकेक कॅसेट पाहा, आणि मगच भंगारवाल्याला हाक मारा.