खाद्यपेयांची प्लॅस्टिक पात्रे

खाद्यपेयांची प्लॅस्टिक पात्रे : अन्न व पेये साठविणे, वाहून नेणे, गरम करणे किंवा वाढणे यांसाठी प्लॅस्टिकपासून बनविलेल्या बाटल्या, डबे, पेले, पिशव्या, बरण्या इ. वस्तू. हलकेपणा, न फुटण्याचा गुण, स्वस्ताई आणि हवा तो आकार देता येण्याची सोय यांमुळे दुसऱ्या महायुद्धानंतर या पात्रांनी काच, चिनी माती व धातू यांच्या पात्रांची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. तथापि प्लॅस्टिक हे काचेइतके अक्रिय नसते. त्यातील काही द्रव्ये अल्प प्रमाणात अन्नात उतरतात. ही द्रव्ये कोणती, ती किती प्रमाणात उतरतात आणि त्या प्रमाणात ती अपायकारक ठरतात काय, हे या पात्रांच्या रासायनिक सुरक्षिततेविषयीचे मुख्य प्रश्न आहेत.

अन्नात उतरणारी द्रव्ये : प्लॅस्टिके ही बहुवारिके (अनेक लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन बनलेली प्रचंड रेणूंची संयुगे) असतात. या लांब साखळ्या पात्रातून सहसा बाहेर पडत नाहीत. चिंतेचा विषय असतो तो त्यांच्यामध्ये अडकून राहिलेल्या लहान रेणूंचा. हे रेणू चार प्रकारचे असतात : (१) साखळीत जोडले न गेलेले एकवारिकाचे अवशेष, (२) नरमपणा, रंग, टिकाऊपणा इ. गुण आणण्यासाठी मुद्दाम मिसळलेली पूरक द्रव्ये. (३) उत्प्रेरकांचे (विक्रियेची गती वाढविणाऱ्या पदार्थांचे) अवशेष व निर्मितीत आपोआप तयार होणारी उपद्रव्ये. (४) उष्णता, प्रकाश किंवा रासायनिक विक्रिया यांमुळे प्लॅस्टिकाचे विघटन होऊन मोकळे झालेले रेणू.

द्रव्यांचे पात्रातून अन्नात जाणे यास स्थलांतर म्हणतात. ते मुख्यत्वे विसरणाने (अधिक संहतीकडून कमी संहतीकडे रेणू पसरण्याच्या क्रियेने) घडते. तापमान व संपर्काचा काळ वाढला की स्थलांतर वाढते. यांपैकी बहुतेक कार्बनी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलातुपात अधिक विरघळतात, म्हणून स्निग्ध पदार्थांत ती जास्त उतरतात. अन्नाच्या मानाने संपर्काचे क्षेत्रफळ जितके मोठे तितके स्थलांतर अधिक होते. यावरून पातळ पिशवीत भरलेला उकळता चहा आणि प्लॅस्टिकच्या बरणीत वर्षभर मुरणारे तेलकट, आंबट लोणचे या दोन्ही बाबी कोरडे धान्य भरलेल्या डब्यापेक्षा वेगळ्या का मानाव्या लागतात, हे ध्यानी येते.

प्रत्यक्ष अन्नात हे मापन अवघड असल्याने प्रयोगशाळेत अन्नाऐवजी विरल अ‍ॅसिटिक अम्ल (आंबट पदार्थांसाठी), विरल अल्कोहॉल, वनस्पती तेल इ. प्रातिनिधिक द्रव वापरतात. दीर्घकाल साठवणीच्या पात्रांसाठी ४०° से. तापमानास १० दिवस संपर्क ही पुष्कळ वर्षे रूढ असलेली कसोटी आहे. सर्व द्रव्यांचे मिळून एकूण स्थलांतर दर किग्रॅ. अन्नास ६० मिग्रॅ. पेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा यूरोपीय संघ व भारत या दोन्ही ठिकाणी आहे. विशेष अपायकारक द्रव्यांसाठी याहून पुष्कळच कडक अशा स्वतंत्र मर्यादा असतात.

पूर्वीची उदाहरणे : या प्रश्नाकडे प्रथम गांभीर्याने लक्ष वेधले ते १९७० नंतरच्या दशकात. पॉलिव्हिनिल क्लोराइडाच्या बाटल्यांतील मद्यात व्हिनिल क्लोराइड हे एकवारिक उतरते असे दिसून आल्यावर १९७३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा बाटल्या मद्यासाठी न वापरण्याचा प्रस्ताव मांडला. १९७४ मध्ये केंटकी राज्यातील लूइव्हिल येथील कारखान्यात या वायूच्या संपर्कात आलेल्या कामगारांमध्ये यकृताचा एक अत्यंत विरळ कर्करोग आढळला आणि हे एकवारिक कर्करोगजनक असल्याची खात्री पटली. यूरोपीय आर्थिक समुदायाने १९७८ मध्ये पात्राच्या द्रव्यातील त्याचे प्रमाण दर किग्रॅ.ला १ मिग्रॅ. इतके मर्यादित केले. निर्मितिप्रक्रियेत सुधारणा करून उद्योगाला ही मर्यादा पाळता आली.

दुसरे उदाहरण अ‍ॅक्रिलोनायट्राइलाच्या शीतपेय बाटल्यांचे. १९७७ मध्ये अमेरिकेत त्यांवर बंदी घालण्यात आली. त्याविरुद्धच्या दाव्यात १९७९ मध्ये न्यायालयाने असे मत दिले की, संपर्कातील पदार्थांत काही ना काही रेणू जातातच, एवढ्या तत्त्वावर बंदी आधारता येणार नाही. नगण्य नसलेले स्थलांतर खात्रीपूर्वक दाखविले पाहिजे. उर्वरित एकवारिकाचे प्रमाण घटविल्यावर १९८४ मध्ये या बाटल्यांना परवानगी मिळाली. केवळ अस्तित्व की प्रमाण, हा या वादातील मूळ मुद्दा पुढेही कायम राहिला.

बिस्फिनॉल-ए : या संयुगाविषयीचा वाद सर्वांत दीर्घ व उद्बोधक ठरला आहे. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांडर ड्यानिन यांनी ते १८९१ मध्ये तयार केले. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ एडवर्ड चार्ल्स डॉड्झ यांनी १९३६ मध्ये त्याचा परिणाम स्त्रीमदजनासारखा (स्त्रीत्वाची लक्षणे निर्माण करणाऱ्या हॉर्मोनासारखा) असल्याचे दाखविले. औषध म्हणून ते मागे पडले. परंतु १९५३ मध्ये जर्मनी व अमेरिका या देशांत स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेटाचा शोध लागला आणि त्याचा कच्चा माल म्हणून बिस्फिनॉल-ए याचे उत्पादन प्रचंड वाढले. पॉलिकार्बोनेट काचेसारखे पारदर्शक, कणखर व उष्णतारोधी असल्याने दुधाच्या बाटल्या व पाण्याचे मोठे जार यांसाठी ते सोयीचे ठरले. धातूच्या डब्यांना आतून दिल्या जाणाऱ्या एपॉक्सी लेपातही हेच संयुग असते.

पॉलिकार्बोनेटाच्या साखळीतील बंध उष्ण पाण्याने, विशेषतः क्षारीय विद्रावाने तुटतात व बिस्फिनॉल-ए मोकळे होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना १९९३ मध्ये प्रयोगशाळेतील पॉलिकार्बोनेटाची चंबूपात्रे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करताना ते पाण्यात उतरल्याचे आढळले. १९९८ मध्ये पट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे व पाण्याच्या बाटल्या चुकून तीव्र क्षारीय द्रवाने धुतल्या गेल्या. त्यानंतर माद्यांच्या अंडकोशिकांतील गुणसूत्रांच्या विभाजनात मोठे दोष दिसू लागले. बाहेर पडलेले बिस्फिनॉल-ए हे त्याचे कारण असल्याचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत २००३–०४ मध्ये घेतलेल्या २,५१७ व्यक्तींच्या मूत्रनमुन्यांपैकी सु. ९३% नमुन्यांत हे संयुग आढळले. ते शरीरातून काही तासांतच बाहेर टाकले जात असल्याने एवढ्या सर्रास आढळण्याचा अर्थ संपर्क सतत चालू आहे, असा होतो.

अर्भकांविषयी विशेष काळजी वाटते. वजनाच्या मानाने त्यांचा आहार जास्त असतो, या संयुगाचा निचरा करणारी यकृताची क्षमता पूर्ण विकसित झालेली नसते आणि हॉर्मोनांवर अवलंबून असणारी वाढ याच काळात होत असते. म्हणून कॅनडाने २००८ मध्ये पॉलिकार्बोनेटाच्या दूधबाटल्यांवर बंदीची घोषणा केली. यूरोपीय संघाने २०११ मध्ये व अमेरिकेने २०१२ मध्ये त्यांचा वापर थांबविला. फ्रान्समध्ये २०१५ पासून सर्वच अन्नवेष्टनांत हे संयुग निषिद्ध आहे.

प्रौढांविषयी मात्र तज्ञांत एकमत नाही. यूरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दररोज सेवन सह्य ठरणारे प्रमाण २००६ मध्ये शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ५० मायक्रोग्रॅम ठरविले. २०१५ मध्ये ते ४ मायक्रोग्रॅमवर आणले आणि २०२३ मध्ये प्रतिरक्षा यंत्रणेवरील परिणाम विचारात घेऊन ०·२ नॅनोग्रॅम केले. ही घट २०,००० पटींची आहे. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने त्याच आधारसामग्रीवरून २०० नॅनोग्रॅम हे मूल्य योग्य मानले, तर अमेरिकेच्या प्रशासनाने अन्नात प्रत्यक्ष आढळणारे प्रमाण सुरक्षित असल्याची भूमिका घेतली. मतभेदाचे कारण असे की, हॉर्मोनसदृश द्रव्यांचा परिणाम मात्रेच्या प्रमाणातच वाढतो असे नाही, असे काही संशोधक मानतात. प्राण्यांवरील अल्प मात्रेच्या प्रयोगांतील बदल मानवी रोगाशी कितपत जोडावेत, हेही निश्चित झालेले नाही. यूरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नसंपर्कातील बहुतेक वस्तूंत त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला.

‘बिस्फिनॉल-ए विरहित’ अशी अक्षरे असलेल्या काही वस्तूंत बिस्फिनॉल-एस यासारखी तत्सम संयुगे वापरली गेली आहेत. त्यांची रचना व हॉर्मोनावरील परिणाम मूळ संयुगाशी मिळतेजुळते असल्याचे आढळते. तेव्हा एक द्रव्य वगळल्याने पात्र आपोआप निर्धोक ठरत नाही.

इतर प्लॅस्टिके : पाण्याच्या पारदर्शक बाटल्या बहुधा पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटाच्या असतात. नावात साम्य असले, तरी त्यांत नरमपणासाठी वापरली जाणारी थॅलेटे वा बिस्फिनॉल-ए घालावे लागत नाही. त्यांच्या निर्मितीत अँटिमनीचा उत्प्रेरक वापरतात व त्याचा अंश पाण्यात उतरतो. नेहमीच्या तापमानास हे प्रमाण अत्यल्प असते. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पाण्यातील अँटिमनी तेथील मर्यादेपर्यंत (१ अब्ज भागांत ६ भाग) जाण्यास ६०° से. तापमानास १७६ दिवस, तर ८०° से. तापमानास सु. २·३ दिवस पुरले. उन्हात उभ्या मोटारीत बाटल्या साठवू नयेत, या सल्ल्यामागील तत्त्व हेच आहे.

पॉलिस्टायरिनाच्या पेल्यांतून व थर्मोकोलच्या ताटल्यांतून गरम, स्निग्ध अन्नात स्टायरीन उतरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीन मानवात ‘बहुधा कर्करोगजनक’ या गटात घातले. मेलॅमाइनाच्या ताटवाट्यांतून उष्ण व आंबट पदार्थांत मेलॅमाइन व फॉर्माल्डिहाइड उतरतात. पॉलिप्रोपिलीन व उच्च घनतेचे पॉलिएथिलीन ही त्या मानाने स्थिर समजली जातात; तथापि पॉलिप्रोपिलिनाच्या दूधबाटल्यांत गरम पाणी हलविल्यास प्लॅस्टिकचे लक्षावधी सूक्ष्म कण सुटतात, असे डब्लिन येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले. या कणांचा आरोग्यावरील परिणाम ठरविण्याइतका पुरावा मात्र उपलब्ध नाही.

भारतातील नियमन : भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे वेष्टनविषयक विनियम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत एकूण स्थलांतराबरोबरच बेरियम, कोबाल्ट, जस्त इ. धातूंच्या स्थलांतराच्या स्वतंत्र मर्यादा आहेत. अन्न बांधण्यास वृत्तपत्राचा कागद त्यांनी निषिद्ध केला. भारतीय मानक ब्यूरोने अर्भकांच्या प्लॅस्टिक दूधबाटल्यांच्या २०१५ च्या मानकातून पॉलिकार्बोनेट वगळले. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये थर्मोकोलच्या व प्लॅस्टिकच्या एकदाच वापरण्याच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी घातली. तिचा मुख्य हेतू पर्यावरण रक्षणाचा होता, तरी गरम अन्नाचा अशा वस्तूंशी येणारा संपर्क त्यामुळे कमी होण्यास वाव मिळाला.

वापरातील काळजी : पात्राच्या तळाशी त्रिकोणात छापलेला १ ते ७ हा अंक प्लॅस्टिकचा प्रकार दाखवितो. तो १९८८ मध्ये कचऱ्याच्या वर्गवारीसाठी योजला गेला असून सुरक्षिततेची प्रतवारी नव्हे. ७ हा अंक ‘इतर’ प्रकारांचा असून पॉलिकार्बोनेट त्यातच मोडते. उकळते किंवा तळणीतून नुकतेच काढलेले पदार्थ प्लॅस्टिकमध्ये ओतू नयेत. सूक्ष्मतरंग भट्टीत गरम करण्यासाठी काचेचे वा चिनी मातीचे भांडे घ्यावे. लोणची, तेल, तूप व चिंचेचा कोळ दीर्घकाळ ठेवण्यास बरणी, काच किंवा योग्य तेथे स्टेनलेस पोलाद चांगले. चरे पडलेली, गढुळलेली अथवा चिकट झालेली पात्रे टाकून द्यावीत आणि रंग, कीटकनाशके, वंगण इत्यादींचे रिकामे डबे अन्नपाण्यासाठी कधीही वापरू नयेत. अर्भकाची दूधबाटली काचेची असल्यास वरील बहुतेक प्रश्न उद्‌भवत नाहीत. ती फुटण्याचा धोका तेवढा सांभाळावा लागतो.