तीन चाके आणि अर्धशक्ती

सायकल ही सोलापूरकरांच्या दृष्टीने दीर्घकाळ केवळ कामाची वस्तू होती. गिरणीच्या भोंग्याबरोबर रस्त्यावर येणारे, हँडलला डबा अडकवलेले कामगार आणि कॅरिअरवर सुताचे गठ्ठे बांधून पूर्व भागातून फिरणारे विणकर हे दृश्य आमच्या पिढीने बालपणी पाहिले आहे. पुढे गिरण्या बंद पडल्या, घरोघरी दुचाकी आली आणि सायकल चालवणे हे दारिद्र्याचे लक्षण मानले जाऊ लागले. हीच सायकल आता हौसेच्या रूपाने परतली आहे. रविवारी पहाटे शिरस्त्राण घातलेले दहा-वीस जण हिप्परग्याच्या तलावाकडे वा नान्नजच्या माळाकडे निघालेले दिसतात. त्यांत वैद्यक व्यवसायातील मंडळी बरीच असतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ व लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली. तेव्हापासून महाराष्ट्रातील डॉक्टरांत या छंदाला प्रतिष्ठा आली, हे मान्य केले पाहिजे.

या पराक्रमांना आमचे वंदन आहे. तथापि, त्यांचे अनुकरण आपल्या रुग्णांनी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शोषाची जी चार कारणे चरकाचार्यांनी सांगितली आहेत, त्यांत साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन यांचा समावेश होतो. आमच्या येथील समूहसहलींचे निरीक्षण केले असता, यांपैकी क्षय वगळता उरलेली तिन्ही कारणे एकाच सकाळी एकत्र आलेली आम्ही पाहिली आहेत. पुढच्याला गाठण्यासाठी शक्तीबाहेर पायडल मारणे हे साहस. गट थांबत नाही म्हणून मूत्रवेग अडवणे हे संधारण. आणि उपाशीपोटी तीस किलोमीटर गेल्यावर ढाब्यावर मिसळ व वर ताक हे विषमाशन. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत वेगधारणाचा प्रश्न गंभीर आहे. महामार्गावर सोय नसते, गटातील पुरुषांना ते सुचत नाही, आणि परिणामी अनेक जणी पाणीच कमी पितात. सोलापूरच्या हवेत हे किती अपायकारक आहे, हे वैद्यांना सांगावयास नको.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र सायकलीच्या एका निराळ्या प्रकाराशी निगडित आहे. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायच्या तीनचाकी सायकलीस परदेशात ‘रिकम्बंट ट्राइक’ म्हणतात. तिच्यात बहुधा दोन चाके पुढे व एक मागे असते. क्वचित उलट रचनाही आढळते. बैठक आरामखुर्चीसारखी, जाळीची, जमिनीपासून जेमतेम वीतभर ते हातभर उंचीवर. सुकाणूचे दांडे मांड्यांच्या दोन्ही बाजूंस येतात, आणि साखळी नेहमीच्या सायकलीच्या दुप्पट-तिप्पट लांब असते. अशा आडव्या सायकलींचा इतिहास मनोरंजक आहे. फ्रान्समधील शार्ल मोशे यांनी बनवलेल्या आडव्या सायकलीवर फ्रान्सिस फॉर या मध्यम दर्जाच्या स्पर्धकाने १९३३ साली एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून ऑस्कर एग यांचा १९१४ चा विक्रम मोडला. प्रस्थापितांचा तिळपापड झाला, आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने असल्या सायकली अधिकृत शर्यतींतून वगळल्या. त्यानंतर पन्नासेक वर्षे त्या बाजूला पडल्या. पुढे ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथे त्यांचे कारखाने निघाले. आज तेथे उतारवयातील मंडळी, पाठीचे रुग्ण आणि तोल सांभाळू न शकणारे लोक अशा त्रिचक्रींवर गटागटाने सहली काढतात.

आयुर्वेदीय दृष्टीने या बैठकीकडे पाहिले असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. अर्शाच्या निदानात उत्कटक, विषम व कठीण आसनाचा आणि हेलकावे देणाऱ्या यानाचा उल्लेख चरकसंहितेत आहे. सामान्य सायकलीची अरुंद खोगिरी ही या वर्णनास तंतोतंत लागू पडते. सारा भार सेवनीच्या प्रदेशावर येतो, आणि या भागाला जपण्याचा इशारा सुश्रुताचार्यांनी अश्मरीच्या शस्त्रकर्मात दिला आहेच. तासा-दोन तासांच्या सायकलीनंतर त्या ठिकाणी बधिरता येते, अशी तक्रार घेऊन येणारे तरुण आता आमच्या चिकित्सालयात नवे राहिलेले नाहीत. पाठ टेकलेल्या आसनात हा भार नितंब व पाठीवर वाटला जातो. मनगट व मान यांनाही विश्रांती मिळते. मात्र दोषाचे दुसरे दार उघडते. पाय हृदयाच्या पातळीच्या आसपास राहिल्याने काहींच्या पावलांना मुंग्या येतात, आणि भोजनोत्तर लगेच या आसनात बसल्यास अम्लपित्ताच्या रुग्णाची छाती जळजळते.

ही सायकल आम्ही प्रथम पाहिली ती एका रुग्णामुळे. यंत्रमाग कारखान्यात जॉबर म्हणून आयुष्य घालवलेले हे गृहस्थ, वय त्रेसष्ट. पक्षाघातानंतर डाव्या बाजूचे बल निम्मेच परतले होते. बस्ती, नस्य, अभ्यंग यांनी चालणे सुधारले. काठी सुटली नाही. परदेशी नोकरीस असलेल्या मुलाने जुनी त्रिचक्री सुटे भाग करून पाठवली, आणि यंत्राशी जन्मभर मैत्री असलेल्या या माणसाने ती दोन दिवसांत स्वतः जोडली. त्यानंतर ते आमच्याकडे आले ते परवानगी मागण्यासाठी नव्हे, तर रविवारच्या सहलीस कोणत्या वाटेने निघता, हे विचारण्यासाठी.

घरच्यांचा विरोध होता. गटातही दोन तट पडले. एकाने तर, ‘रुग्णाला सहलीस नेणे म्हणजे रुग्णवाहिकेची सोय आधी करणे’ असे सुनावले. आम्ही हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतले, रक्तदाब सलग तीन आठवडे नोंदवला, आणि मगच होकार दिला. डावे पाऊल पायडलवर पट्ट्याने व टाचेच्या आधाराने बांधणे ही पहिली अट होती. या सायकलीवर पाय निसटून जमिनीस लागला, तर पुढे जाणारी गाडी तोच पाय आत ओढून घेते. बलवान माणसाचाही घोटा मोडू शकतो. पाऊल बांधल्यावर मात्र एक लाभ दिसून आला. उजवा पाय फिरतो तसा डावाही फिरतो. बलवान अंग दुर्बल अंगाला हाताशी धरून चालवते, आणि पडण्याचे भय नसल्यामुळे ते अंग ताठरत नाही. घोड्याप्रमाणे उभी असलेली सायकल थांबली की पडते. ही थांबली की खुर्ची होते.

हिप्परग्याच्या पहिल्या सहलीत आम्हांस जो बोध झाला, तो त्यांच्याविषयी नव्हे, गटाविषयी. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असा वाग्भटांचा दंडक आपण सर्वांनी महाविद्यालयात पाठ केला. समूहात तो पाळणे जवळजवळ अशक्य असते. पुढच्याच्या पाठीमागे वारा कमी लागतो, बोलण्यात अंतर कळत नाही, आणि मनुष्य दुसऱ्याच्या शक्तीने आपले माप घेतो. त्रिचक्री चढावर मंद चालते व उतारावर सर्वांना मागे टाकते. तिचा मेळ रांगेशी बसत नाही. तेव्हा आम्ही तिला रांगेच्या अग्रभागी ठेवले. तिची गती ती सर्वांची गती. दोन तरुण कुरकुरत पुढे निघून गेले. बाकीचे, ज्यांत मधुमेहाचे तिघे होते, परतल्यावर प्रथमच दुपारी झोपले नाहीत.

अर्धशक्तीची ओळख कशी पटवावी, हा प्रश्न आमच्या प्रदेशात वाटतो तितका सोपा नाही. कपाळ, नाक, सांधे येथे घाम येणे व मुखशोष ही लक्षणे ग्रंथोक्त आहेत. परंतु सोलापूर हा जांगल देश. हवा इतकी रूक्ष की फाल्गुनापासून कपाळावरचा घाम दिसण्यापूर्वीच वाळतो, आणि तोंड तर घरातून निघतानाच कोरडे असते. म्हणजे एक लक्षण उशिरा दिसते व दुसरे फार आधी. त्यात पाठ टेकलेल्या चालकाचा घाम कपाळावर न येता जाळीला लागलेल्या पाठीवर जमतो. म्हणून आम्ही श्वासाला प्रमाण मानतो. नाकाने चाललेला श्वास तोंडाने घ्यावासा वाटला, वा बोलताना वाक्य मध्येच तुटले, की गती कमी करावी. शास्त्रकारांनी हृदयस्थ वायू मुखाकडे येतो असे जे म्हटले आहे, त्याचा हाच व्यवहारी अर्थ आम्ही घेतो.

ऋतूंच्या बाबतीतही देशाचे भान हवे. वसंतात व्यायाम विहित आहे. पण येथे चैत्रात पारा चाळिशीला टेकू लागतो, आणि ग्रंथातील वसंत येथे ग्रीष्माच्या गुणाचा होतो. आमच्या सहली मार्गशीर्ष ते माघ या काळात भरात असतात. दिशेचाही विचार करावा लागतो, कारण पाठ टेकलेल्या मनुष्याची दृष्टी किंचित वर असते व सकाळचे ऊन थेट डोळ्यांत जाते. नळदुर्गकडे पूर्वेस निघणे याच कारणाने टाळावे. उत्तरेस नान्नज, जेथे १९७९ पासून माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य आहे, अथवा दक्षिणेस भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल या वाटा सोयीच्या. कुडलच्या संगमेश्वर मंदिरातील शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख पाहावयास अभ्यासक दुरून येतात. आमच्यातील कित्येकांनी तो सायकलीमुळेच प्रथम पाहिला.

सहलीपूर्वी शिर, कर्ण व पाद यांना तीळतेलाचा अभ्यंग आम्ही आग्रहाने सांगतो. आपल्या जिल्ह्यात करडई घरोघरी. परंतु वनस्पतिजन्य स्नेहांत करडईच्या तेलास चरकाचार्यांनी सर्वांत अहितकर ठरवले आहे, ही बाब सोलापुरात बोलून दाखवली की वाद ओढवतो. आहाराबाबत, कडक भाकरी व शेंगाचटणी ही शिदोरी टिकाऊ खरी, पण रूक्ष व तीक्ष्ण. तिच्यासोबत तूप वा दही नसेल तर परतीच्या वाटेवर तहान आवरत नाही. हुरड्याच्या दिवसांत तर शेतावर पोटभर हुरडा खाऊन लगेच सायकलीवर बसणारे पाहून आम्हांस नाडीपरीक्षेचीही गरज वाटत नाही.

त्रिचक्री सर्वांना योग्य नाही. गुडघ्याच्या संधिवातात ती चालवणे सुखकर. तिच्यावरून उठणे कष्टाचे. इतक्या खालच्या बैठकीतून उठताना सारा भार गुडघ्यांवर येतो, आणि उठण्याच्या भीतीने रुग्ण मूत्रवेग अडवून बसतो. अशांना उंच बैठकीची, मागे दोन चाकांची रचना बरी. मालमोटारीच्या चालकास ही सायकल दिसतच नाही, म्हणून उंच काठीवर निशाण लावणे अनिवार्य. धूळ व धूर नाकाच्या पातळीवर येतात, हा दोष श्वासाच्या रुग्णांनी लक्षात घ्यावा. शिवाय आयात केलेल्या त्रिचक्रीची किंमत लाखांत जाते.

किमतीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट नमूद करतो. तीन चाकांची सायकल आपल्याकडे नवी नाही. अपंगांना शासकीय योजनेतून मिळणारी, हाताने फिरवायची तीनचाकी प्रत्येक गावात आहे. ती आपण असहायतेचे वाहन मानतो. तिच्यावरील मनुष्यास कोणी सहलीस बोलावत नाही. पुण्याचे दृष्टिहीन साहसवीर दिव्यांशु गणात्रा यांनी २०१६ साली मनाली ते खारदुंगला हा प्रवास जोडसायकलीवरून केला. डोळस साथीदार पुढे, दृष्टिहीन मागे, ही ती रचना. आमच्या गटात गेल्या हिवाळ्यापासून हाततीनचाकीवरील एक शिंपी येतात. चढावर त्यांच्या मागे कोणी तरी हात लावतो. त्यांचे स्कंधबल पाहून आमच्या गटातील व्यायामपटूंनी आपापले दंड सदऱ्यात झाकले.

आता आमच्या जॉबर गृहस्थांचा नवा हट्ट उभा राहिला आहे. पक्षाघातापूर्वी ते प्रतिवर्षी कोजागरीस तुळजापूरला पायी जात. सोलापूरहून त्या रात्री लोटणारा जनसागर वाचकांस ठाऊक आहे. अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, शेवटी घाट. त्रिचक्रीवरून जाईन, असे ते म्हणतात. वाहतूक वळवलेली असल्याने मालमोटारींचे भय नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु ऋतू शरद, व्यायाम मंद सांगितलेला. रात्रीचे जागरण वातास वाढवणारे. आणि गर्दीत पायी चालणाऱ्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बसलेला मनुष्य कोणाच्याही ध्यानी येणार नाही. आम्ही सुचवले आहे की, दुपारी निघून तामलवाडीपर्यंत दोन टप्प्यांत जावे, तेथे निजावे, आणि घाटापुढे सायकल टेम्पोत घालावी. पहिले दोन मुद्दे त्यांनी मान्य केले. टेम्पोचे नाव काढले की ते उत्तर देत नाहीत. सर्वांत लहान दात्यांचे पुढचे चक्र कोठे मिळेल, एवढेच विचारतात.