चकमकीतील काटेरी पुटी : रचना आणि वर्गीकरण

जीवसृष्टीचे वर्गीकरण रूपसाम्यावर आधारलेले असते, ही गोष्ट आपण शालेय जीवनापासून जाणतो. परंतु कोणते साम्य खरे आणि कोणते वरवरचे, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. स्पिनिफेरायटीस रॅमोसस या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या एका सूक्ष्म जीवाश्माला जीवसृष्टीतील त्याचे योग्य स्थान मिळण्यास जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली. या काळात तो पाहणारे डोळे अननुभवी नव्हते. त्यांचे सारे लक्ष काट्यांकडे लागले होते, एवढेच.

हा जीवाश्म डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जीवांपैकी एकाची पुटी आहे. या जीवांचा परिचय कोकणवासीयांना नकळत झालेला असतो. हिवाळ्यातील काही रात्री किनाऱ्यावरच्या लाटा निळसर प्रकाशाने उजळतात, तो प्रकाश पुष्कळदा नॉक्टिल्यूका या डायनोफ्लॅजेलेटचा असतो. नॉक्टिल्यूकाच्या अंगावर चिलखत नसते. परंतु या समूहातील अनेक जीव सेल्युलोजच्या फलकांचे चिलखत धारण करतात. त्यांना दोन कशाभिका असतात. एक पेशीच्या मध्याभोवती असलेल्या खोबणीत फिरते, तर दुसरी मागे शेपटीसारखी राहते. काही जीव वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, काही इतर जीवांना भक्ष्य करतात, तर काही दोन्ही मार्ग अनुसरतात. साहजिकच वनस्पतिशास्त्रज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ या दोघांनीही त्यांच्यावर आपला हक्क सांगितला.

दोन पेशींच्या संयोगातून निर्माण झालेली पेशी काही जातींमध्ये विश्रांतीची अवस्था स्वीकारते. ती चिलखताच्या आतच स्वतःभोवती दुसरे, अधिक टिकाऊ वेष्टन तयार करते. हीच पुटी होय. बाहेरचे सेल्युलोज लवकरच कुजून जाते. पुटी मात्र डायनोस्पोरिन नावाच्या चिवट सेंद्रिय द्रव्याची बनलेली असून ती तळाच्या गाळात कोट्यवधी वर्षे टिकू शकते. खडकातून ती वेगळी करताना चुन्याचा अंश हायड्रोक्लोरिक आम्लात आणि वाळूचा अंश हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवितात. खडक नाहीसा होतो आणि पुटी शिल्लक राहते. (यांपैकी दुसरे आम्ल अत्यंत घातक असल्याने हा प्रयोग शाळेत करून पाहण्याचा नाही, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.) आज हयात असलेल्या डायनोफ्लॅजेलेट जातींपैकी अशी टिकाऊ पुटी निर्माण करणाऱ्या जाती शेकडा पंधरा-सोळाच आहेत. या समूहाचा जीवाश्मरूपी इतिहास त्यामुळे मुळातच अपुरा आहे.

प्रस्तुत जातीच्या पुटीचा मध्यवर्ती भाग अंडाकृती असतो. काटे सोडले तर एक मिलिमीटर लांबीत अशा वीस-पंचवीस पुटी ओळीने मावतील. भिंत दुपदरी असून बाहेरचा पदर ठिकठिकाणी उचलला जाऊन त्याचे बारीक वरंबे आणि काटे बनतात. हे वरंबे म्हणजे जणू शेतांचे बांध. बाहेरच्या चिलखतावर फलकांच्या ज्या हद्दी होत्या, त्यांचीच ती प्रतिकृती होय. काट्यांची मांडणीही मनमानी नसते. तीन शेतांचे बांध जेथे एकत्र मिळतात, तेथे हद्दीचा दगड असावा तसा काटा उभा राहतो आणि त्याच्या शेंड्याला तीन फाटे फुटतात. प्रत्येक फाट्याचे टोक पुन्हा दुभंगलेले असते. दोन कोपऱ्यांच्या मधे, केवळ दोन शेतांमधील बांधावर काटा असेल, तर त्याला फाटे दोनच. फाटे मोजले की त्या ठिकाणी किती फलक मिळत होते याचा बोध व्हावा, इतकी ही योजना नेटकी आहे. मध्याभोवतीच्या खोबणीचा पट्टाही पुटीवर उमटलेला दिसतो. त्याची दोन टोके समोरासमोर न येता एक दुसऱ्याच्या खाली उतरलेले असते.

या पुटीचे पहिले वर्णन बर्लिनचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ख्रिस्तियान गॉटफ्रीट एरेनबेर्ख यांनी १८३० नंतरच्या दशकात केले. क्रिटेशस कालातील चकमकीच्या दगडाचे पातळ, पारदर्शक कपचे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना हे काटेरी गोलक आढळले. झँथिडियम या गोड्या पाण्यातील काटेरी शैवलाशी त्यांचे साम्य दिसल्याने त्यांनी या जातीला झँथिडियम रॅमोसम, म्हणजे फांद्या फुटलेले झँथिडियम, असे नाव दिले. गंमत अशी की, चकमकीतीलच फलकयुक्त जीवाश्म त्यांनी डायनोफ्लॅजेलेट म्हणून अचूक ओळखले होते. फलक ठळक दिसले तेथे निदान बरोबर आले. काटे ठळक दिसले तेथे ते चुकले. इग्वानोडॉन या डायनोसॉरमुळे प्रसिद्ध असलेले इंग्लंडचे गिडीयन मँटेल यांनी १८५० मध्ये हे जीवाश्म झँथिडियमपासून वेगळे काढून त्यांच्यासाठी स्पिनिफेरायटीस, म्हणजे काटे धारण करणारे, ही प्रजाती स्थापिली. पुढे हे नाव विस्मृतीत गेले. १९३३ मध्ये जर्मनीचे ओटो वेट्झेल यांनी हिस्ट्रिकोस्फेरा हे नवे नाव रूढ केले आणि सर्वच काटेरी गोलकांना हिस्ट्रिकोस्फिअर म्हणण्याचा प्रघात पडला. मूळ ज्ञात नसलेल्या वस्तूंचे हे एक गाठोडेच होते.

ते गाठोडे सोडविले अमेरिकेतील विल्यम एव्हिट यांनी. अनेक पुटींना एक छिद्र असते. ते पुटी फुटल्यामुळे पडलेले असेल, तर त्याचा आकार व जागा वेडीवाकडी असावयास हवी. प्रत्यक्षात ते रेखीव बहुकोनी असते आणि एका जातीत नेहमी एकाच ठिकाणी आढळते. स्पिनिफेरायटीसमध्ये मधल्या पट्ट्याच्या लगेच वर सहा फलकांची ओळ असते; त्यांतील पाठीकडचा तिसरा फलक तेवढा निखळलेला असतो. ही मोडतोड नव्हे. आतील जीव बाहेर पडण्याचे ते दार आहे. त्याची चौकट डायनोफ्लॅजेलेटच्या फलकाशी तंतोतंत जुळते, हे एव्हिट यांनी १९६१ आणि १९६३ च्या लेखांतून दाखविले. या दाराला त्यांनी आर्किओपाइल ही संज्ञा दिली. ज्यांचे मूळ तरीही ठरेना अशा गोलकांसाठी त्यांनी अ‍ॅक्रिटार्क हा वेगळा गट केला, हा त्यांचा सावधपणा विशेष वाटतो.

यानंतर अमेरिकेतील वुड्स होल येथे डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी समुद्रातील जिवंत पुटी घेऊन त्या प्रयोगशाळेत उबविल्या. या प्रकारच्या पुटींमधून गोनिऑलॅक्स प्रजातीचे, पोहणारे, चिलखतधारी जीव बाहेर पडले. १९६६ व १९६८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर मुख्य वाद मिटला. १९७० मध्ये विल्यम सार्जंट यांनी अग्रक्रमाच्या नियमानुसार मँटेल यांच्या जुन्या नावाची नव्याने व्याख्या केली. आज स्पिनिफेरायटीसचे स्थान गोनिऑलॅकेलीझ गणात मानले जाते.

नावाचा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटलेला नाही. एकाच जीवाची पुटी एका नावाने आणि पोहणारी अवस्था दुसऱ्या नावाने ओळखली जाते. २०१५ मध्ये वर्णिलेल्या गोनिऑलॅक्स एलेगार्डी या जातीच्या पुटीला स्पिनिफेरायटीस पॅकिडर्मस म्हणतात. कार्यालयीन दप्तरात एकाच व्यक्तीची दोन खाती असावीत तसा हा प्रकार दिसतो खरा. परंतु केवळ खडकातील पुटी हाती असताना ती उबविता येत नाही, आणि एकसारख्या दिसणाऱ्या पुटींमधून वेगवेगळ्या जाती निघू शकतात. म्हणून नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी जीवाश्मांसाठी स्वतंत्र नाव ठेवण्याची मुभा दिली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती योग्यच आहे.

स्पिनिफेरायटीस रॅमोससचा कालावधी क्रिटेशसच्या आरंभीच्या भागापासून आजपर्यंत पसरलेला आहे, म्हणजे तेरा कोटींहून अधिक वर्षे. त्यामुळे थराचे वय ठरविण्यास तो फारसा उपयोगी नाही. थर समुद्रात साचला होता, एवढे तो सांगतो. तेलविहिरींतील खडकांचे वय ठरविताना अल्पायुषी जातींचा आधार घ्यावा लागतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील गाळातही स्पिनिफेरायटीसच्या पुटी सापडतात आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत भारतीय किनाऱ्यावरील अशा पुटींचा अभ्यास झालेला आहे. या पुटींपैकी काही रिकाम्या असतात, त्यांचे दार उघडलेले असते. काहींचे दार अद्याप बंद असते.